गॅलरीतला भविष्यकाळ

इंग्रजीत एकूण काळ बारा असतात, ही गोष्ट कुणी मला आधी विश्वासात घेऊन सांगितली असती, तर बायकोला शब्द देण्यापूर्वी मी निदान एक आवंढा गिळला असता. माझा अंदाज तीनचा होता. झालेलं, चाललेलं आणि व्हायचं. माणसाच्या आयुष्यात याहून वेगळं काय असतं? पण इंग्रजांना एवढ्यावर समाधान नव्हतं. झालेलं होऊन गेलं की अजून होतंय, होऊन गेलं असेल तर केव्हा, आणि पुढं व्हायचं आहे ते कधीपर्यंत होत राहून संपलेलं असेल, याची त्यांना भारी चौकशी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशिवाय इतकी चौकशी करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. ते पुढं येतीलच.

शब्द दिला तो असा. आम्ही दोघंही एकाच बस कंपनीत नोकरीला. मी तक्रार विभागात आणि ही हरवले-सापडले विभागात. लोक बसमध्ये जे जे विसरतात, छत्र्या, डबे, चष्मे, एकदा तर चक्क कवळी, ते सगळं हिच्या ताब्यात येतं आणि ज्याचं त्याला परत जातं. या दोन्ही विभागांचे मिळून एक प्रमुख होते. ते सकाळी येऊन खुर्चीत झोपत आणि संध्याकाळी ताजेतवाने होऊन घरी जात. मधल्या वेळात त्यांचं काम ही करायची. आता ते निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा मुलाखत घेऊन भरणार होते. मुलाखत इंग्रजीत, कारण मुख्य कार्यालयातल्या साहेब मंडळींना आपली भाषा येत नाही.

हिला इंग्रजी येत नव्हतं असं मुळीच नाही. शब्द भरपूर होते. फक्त क्रियापद आलं की घोडं अडायचं. "यस्टरडे मॅन कम, अम्ब्रेला गो, नाऊ मॅन क्राय," असं ती फोनवर मुख्य कार्यालयाला कळवायची. माझ्या मते यात सुधारणेला फारसा वाव नाही. माणूस, छत्री आणि दुःख, तिन्ही डोळ्यांसमोर उभं राहतं. पण फोनच्या पलीकडून हसल्याचा आवाज यायचा आणि ही त्या दिवशी डबा न खाता तसाच घरी आणायची. मागच्या वेळी ही जागा निघाली तेव्हा तिनं अर्जच केला नाही. या वेळी केला आणि घरी येऊन पर्स कपाटात ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, अर्ज तर केलाय. पण तिथे माझं तोंडच उघडलं नाही तर? परत कधी अर्ज करायची हिंमत होणार नाही हं माझी."

"मी आहे ना," मी म्हणालो.

आमची कन्या कॉलेजात आहे आणि तिला नको तिथं बोलायची सवय आहे. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही स्वतः ही मुलाखत एकदा दिली होती ना?"

"दिली होती. निकाल अजून यायचाय."

"मी शाळेत होते तेव्हा."

"मोठ्या कार्यालयांची कामं सावकाश होतात," मी म्हणालो आणि तो विषय तिथेच मिटवला.

दुसऱ्या दिवशी मी व्याकरणाचं पुस्तक आणलं आणि आम्ही डायनिंग टेबलाशी बसलो. पुस्तकात एकाच 'जाणे'चे बारा तुकडे करून चौकटीत मांडले होते. बायकोनं चष्मा लावून ते बारकाईनं पाहिलं. छत्रीची दांडी तपासताना ती असाच चेहरा करते.

"हॅड बीन गोइंग," तिनं वाचलं. "म्हणजे तो गेला की नाही?"

"जात होता. बराच वेळ."

"एवढा बराच वेळ? वाटेत कुठं थांबला होता का?"

"थांबला नव्हता. जातच होता."

"मग पोचला का?"

"पोचण्याचा इथं संबंध नाही गं!"

"ज्याला पोचायचंच नाही त्याच्यासाठी तीन-तीन शब्द कशाला खर्च करायचे?" असं म्हणून तिनं चष्मा काढला. खरं सांगायचं तर मलाही उत्तर माहीत नव्हतं. पण शिकवणाऱ्यानं गप्प बसून चालत नाही, म्हणून मी आवाज चढवला. मग तिनंही चढवला. आवाज आमच्या दुसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर गेला आणि तिथून स्टेशनमास्तर खाली आले.

स्टेशनमास्तर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शिट्टी अजून खिशात असते. सल्ला द्यायला त्यांना कधी निमंत्रण लागत नाही. त्यांनी पुस्तकातली चौकट पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "तुमचं काय चुकतंय सांगू? बारा गाड्या तुम्ही एकाच फलाटावर घेताय. टक्कर नाही होणार तर काय होईल? प्रत्येक काळाला वेगळा फलाट द्या. वहिनी त्या फलाटावर उभ्या राहिल्या की तीच गाडी येणार, दुसरी येणारच नाही."

काही कल्पना अशा असतात की ऐकताक्षणी माणूस खुर्चीतून उठतो. मी उठलो. त्या वेळी कुणीतरी मला खांदे धरून परत खाली बसवायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत आमच्या घराची वाटणी झाली. हॉलमध्ये वर्तमानकाळ, बेडरूममध्ये भूतकाळ आणि गॅलरीत भविष्यकाळ. बेडरूमला मी भूतकाळ दिला तेव्हा बायकोनं माझ्याकडे एक नजर टाकली. मग पोटवाटणी. हॉलमध्ये सोफ्यावर साधा वर्तमान, टेबलाशी चालू वर्तमान, फ्रीजपाशी पूर्ण वर्तमान. दाराबाहेरच्या पायपुसण्यावर मी पूर्ण-चालू वर्तमान ठेवला, कारण बेल वाजवून माणूस तिथं ताटकळतच असतो. बेडरूममध्ये खिडकीला साधा भूतकाळ आणि कपाटाला पूर्ण भूतकाळ मिळाला. माझ्या लग्नातला कोट तिथंच टांगलेला आहे आणि तो मला कधीकाळी बसत असे. शेवटी एकच काळ उरला, पूर्ण-चालू भविष्य, आणि घरातल्या जागा संपल्या. तो मी माळ्यावर टाकला. ज्याला वापरायचा असेल त्यानं स्टूल घेऊन वर चढावं.

नियम एकच. ज्या जागी उभं असू त्याच काळात आणि इंग्रजीतच बोलायचं. नियम मोडला तर त्या दिवसाचा सगळा अभ्यास पहिल्यापासून.

"स्वयंपाकघर सोडून," बायको म्हणाली. "तिथं तुमचं इंग्रजी आणायचं नाही. मला फोडणी करताना काळवेळेचं भान ठेवता येणार नाही."

ही सवलत देऊन मी चूक केली. दोनच दिवसांत आमचं सगळं बिऱ्हाड स्वयंपाकघरात जमा झालं. कन्या ओट्यावर बसून अभ्यास करू लागली. पाहुणे आले तर तेही बोलता बोलता आत सरकत. एवढा मोठा हॉल मोकळा आणि आम्ही सगळे गॅसच्या शेगडीभोवती उभे. स्टेशनमास्तर म्हणाले, "एका फलाटावर गर्दी झाली की बाकीचे ओस पडतात, हे व्हायचंच." फलाटाची कल्पना स्वतःचीच आहे हे ते सोयीस्कर विसरले होते.

पण एक कबूल करायला हवं, बायको शिकत होती. सोफ्यावर बसली की "आय वर्क, आय सिट, आय नो," असं फडाफडा बोलायची. टेबलाशी आली की "आय ॲम कटिंग" वगैरे. कपाटापाशी तर तिनं माझ्या कोटाकडे बघत असं एक वाक्य टाकलं की मी ते इथं सांगणार नाही. कन्येनं माळा पत्करला. एका दुपारी ती वर चढली आणि मी खालचं स्टूल बल्ब बदलायला बाहेरच्या जिन्यात नेलं. परत आलो तेव्हा वरून अत्यंत थंड आवाज आला, "बाय फाइव्ह ओ'क्लॉक, आय विल हॅव बीन सिटिंग हिअर फॉर टू अवर्स." वाक्यात एकही चूक नव्हती. मी तिचं कौतुक केलं तर म्हणाली, "आधी स्टूल आणा."

बल्ब बदलताना मला जिना दिसला. म्हणजे रोजच दिसतो, पण त्या दिवशी तो रिकामा दिसला. क्रियापदांची तीन-तीन रूपं पाठ करायची होती आणि इथं चार मजल्यांच्या पायऱ्या नुसत्या पडून होत्या. मी खडू घेतला आणि तळापासून वरपर्यंत, प्रत्येक पायरीच्या उभ्या बाजूवर, अक्षरांच्या क्रमानं एकेक क्रियापद तीन रूपांसह लिहून काढलं. चढता चढता पाठ, उतरता उतरता उजळणी. कंबर धरली, पण मनाला फार बरं वाटलं.

आता पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात आणि तिथंच त्यांचा दवाखाना आहे, यात माझा काय दोष? अक्षरांचा क्रम मी ठरवलेला नाही. तळमजल्याहून त्यांच्या दारापर्यंत चढताना पेशंटला क्रमानं लागायचं: बीट, बीट, बीटन. बाइट, बिट, बिटन. ब्लीड, ब्लेड, ब्लेड. ब्रेक, ब्रोक, ब्रोकन. बर्स्ट, बर्स्ट, बर्स्ट. आणि ऐन दाराशी, कट, कट, कट. एक आजोबा म्हणे 'ब्लीड'पर्यंत आले, तिथं थांबले, गालावरचा हात काढला आणि "आता दुखायचं थांबलंय," असं सांगून परत गेले. चार दिवसांत दवाखाना रिकामा झाला. डॉक्टर माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या हातात चिमटा होता. तो त्यांनी चुकून आणला होता की मुद्दाम, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

प्रकरण सेक्रेटरींकडे गेलं. सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि सोसायटीची नियमावली त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी मला बोलावून विचारलं, "सामाईक जागेत मजकूर लावायला परवानगी लागते. तुम्ही घेतली?"

"मजकूर नाही हो, क्रियापदं आहेत."

"क्रियापद हा मजकूर आहे की नाही, हे समिती ठरवेल."

समितीची सभा झाली. मला वाटलं होतं, ओल्या फडक्यानं पाच मिनिटांत मिटणारा विषय. पण सभेत असं लक्षात आलं की ज्याच्या त्याच्या दारासमोर काय लिहिलंय ते प्रत्येकानं वाचलेलं होतं आणि प्रत्येकाच्या मनाला लागलेलं होतं. सेक्रेटरींच्या दाराशी 'लूज, लॉस्ट, लॉस्ट' आलं होतं आणि पुढच्या महिन्यात समितीची निवडणूक होती. स्टेशनमास्तरांच्या उंबऱ्याखाली 'स्टील, स्टोल, स्टोलन'. "उभी हयात रेल्वेत काढली, एक खिळा घरी आणला नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज खरोखर कापला. पुसून टाका असं मात्र एकही जण म्हणेना. सगळ्यांना चांगलं क्रियापद हवं होतं. 'विन, वन, वन'साठी तर तिघांनी एकदम हात वर केले.

तेव्हा बायको उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नाही. म्हणाली, "हे सगळं माझ्यासाठी चाललंय. मुलाखत झाली की मी स्वतः जिना धुऊन देईन. तोपर्यंत तेवढं राहू द्या. येता-जाता वाचते ना, तेव्हा जरा भीती कमी होते."

मग डॉक्टर म्हणाले, "मला 'शाइन, शोन, शोन' द्या, माझी हरकत नाही." सेक्रेटरींनी 'लूज' काढून 'लीड, लेड, लेड' घेतलं. स्टेशनमास्तरांना 'रिंग, रँग, रंग' मिळालं आणि ते लहान मुलासारखे खूश झाले. ठराव एकमतानं पास झाला आणि त्यात क्रियापदं 'तात्पुरत्या स्वरूपाची' असल्याचं सेक्रेटरींनी आवर्जून लिहिलं.

यानंतर मी थांबायला हवं होतं. पण मी कशाला थांबतोय? घटना माझ्यासाठी थांबायला तयार होत्या का?

मुलाखतीला थोडेच दिवस राहिले होते. सुट्टीचा दिवस होता. मी सोफ्यावर पेपर वाचत होतो, कन्या टेबलाशी होती आणि बायको गॅलरीत कपडे धुण्याचं मशीन लावत होती. गॅलरीतून हाक आली, "वॉटर विल कम!"

"गुड!" मी म्हणालो.

"वॉटर विल कम इन द हॉल!"

"व्हेरी गुड! नाऊ कंटिन्युअस!"

मग जरा चिरक्या आवाजात, "वॉटर विल बी कमिंग इन द हॉल!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या बाईनं महिन्यापूर्वी क्रियापदाला हात लावला नव्हता, ती आज अडखळल्याशिवाय चालू भविष्यकाळ बोलत होती. मी डोळे पुसत होतो तेवढ्यात टेबलाकडून कन्या म्हणाली, "बाबा, वॉटर इज कमिंग."

"टेबलापुरतं अगदी बरोबर आहे," मी म्हणालो, आणि माझी एक चप्पल माझ्या समोरून सावकाश दाराकडे निघून गेली.

मशीनचा पाइप निसटला होता. बायको दोन्ही हातांनी तो दाबून धरून उभी होती, नखशिखांत भिजलेली. मी धावत जाऊन चावी बंद केली. "अगं, मराठीत ओरडायचं ना!" मी म्हणालो.

ती पाइप सोडून स्वयंपाकघरात गेली आणि मग म्हणाली, "नियम मोडला असता." तिच्या नाकावरून पाणी ठिबकत होतं. "पहिल्यापासून करायला आता दिवस कुठं राहिलेत?"

तोपर्यंत मला हा सगळा माझा उपक्रम वाटत होता. पाइप धरून उभी असलेली ती डोळ्यांसमोरून हलेना. हिला ही जागा किती हवी आहे, हे मला तेव्हा कळलं. आणि आपण हिला भलतंच काहीतरी शिकवून ठेवलं नसेल ना, ही भीतीही तेव्हाच पहिल्यांदा वाटली.

घाबरायलाही सवड मिळाली नाही, कारण बेल वाजत होती. दार उघडलं तर पायपुसण्यावर डॉक्टर. खाली दवाखान्याच्या छतातून धार लागली होती आणि ती नेमकी पेशंटच्या उघड्या तोंडात पडली होती. डॉक्टर रागानं थरथरत म्हणाले, "आय हॅव बीन रिंगिंग युवर बेल फॉर टेन मिनिट्स!"

पायपुसणं. पूर्ण-चालू वर्तमान. मी भारावून टाळ्या वाजवल्या. तसं करायला नको होतं, पण आवरलं नाही.

डॉक्टरांची समजूत बायकोनंच काढली. स्वयंपाकघरात नेऊन चहा दिला, छताचा खर्च कबूल केला. माणूस मनानं चांगला. जाताना म्हणाले, "वहिनी, रोज संध्याकाळी खाली या. मी प्रश्न विचारतो, तुम्ही उत्तरं द्या. माझ्या पेशंटशी बोलायची मला फार हौस आहे हो, पण त्यांच्या तोंडात कापूस असतो." असा तिचा सराव झाला. फक्त डॉक्टरांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "त्या उत्तर देतात उत्तम. पण भूतकाळ आला की उठून खिडकीपाशी जातात. आणि भविष्यकाळ आला की दवाखान्याच्या बाहेर."



मुलाखतीच्या दिवशी सगळा जिना दारादारांत उभा होता. सेक्रेटरी म्हणाले, "अवघड प्रश्न आला तर सांगायचं, हा विषय पुढच्या बैठकीत घेऊ." स्टेशनमास्तरांनी शिट्टी वाजवली. बायको पायऱ्या मोजल्यासारखी एकेक क्रियापद पुटपुटत उतरली.

कार्यालयात मुलाखतीच्या खोलीला काचेची चौकट असलेलं दार आहे. बाहेरच्या बोळात छत्र्या न्यायला आणि तक्रारी करायला आलेली माणसं नेहमीप्रमाणे उभी होती. मी दाराला नाक लावलं. आत तीन साहेब होते. मधले पांढऱ्या भुवयांचे, मुख्य कार्यालयातले, आणि एकंदरीत हसण्याची सवय सुटलेले. त्यांनी विचारलं, "टेल अस, व्हॉट डू यू डू हिअर?"

बायकोनं तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. तिची नजर खोलीभर फिरत होती. साहेबांना काय कळणार, पण मला कळलं. ती सोफा शोधत होती.

त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की सांगता सोय नाही. इतक्या वर्षांनी बाईनं हिंमत केली आणि मी तिचं इंग्रजी आमच्या घरातल्या फर्निचरला बांधून ठेवलं होतं. दार उघडून "सोफा समजा! खुर्ची म्हणजे सोफा समजा!" असं ओरडावं असं मला वाटलं. तेवढ्यात ती उठली आणि म्हणाली, "सर, मे आय वॉक?"

साहेबांच्या पांढऱ्या भुवया वर गेल्या. "वॉक?" ते म्हणाले. "प्लीज."

मग ती चालली. भिंतीकडेच्या बाकड्यावर जाऊन टेकली आणि आपण रोज काय करतो ते सांगितलं. टेबलाच्या कोपऱ्याशी येऊन आत्ता बाहेर बोळात किती माणसं उभी आहेत आणि का, ते सांगितलं. फायलींचं कपाट गाठलं आणि कवळीवाल्या आजोबांची गोष्ट सांगितली: त्यांनी कवळी हरवल्याची तक्रार देण्याआधीच हिनं ती शोधून ठेवलेली होती आणि ते आले तेव्हा तोंडात बसते की नाही ते पाहायला आरसासुद्धा आणलेला होता. भुवयांचे साहेब हसले. मी काचेतून पाहिलं, खरोखर हसले. बाजूच्या साहेबांनी त्यांच्या कानाशी लागून काहीतरी म्हटलं, त्यातले 'कॉन्फिडन्स' आणि 'बॉडी लँग्वेज' हे शब्द मला ऐकू आले.

"अँड इफ वी गिव्ह यू द पोस्ट," साहेबांनी विचारलं, "व्हॉट विल यू डू?"

भविष्यकाळ. खोलीला गॅलरी नव्हती. बायकोनं चारी बाजूंना बघितलं, पदर खोचला आणि तरातरा दाराकडे आली. मला बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. दार धाडकन उघडलं, मी भिंत आणि दार यांच्या मध्ये दाबला गेलो, आणि ती भर बोळात उभी राहून खणखणीत आवाजात बोलू लागली.

"आय विल पुट चेअर्स हिअर! ओल्ड पीपल विल सिट! आय विल नॉट सेंड एनीबडी फ्रॉम विंडो टू विंडो! इफ यू लूज युवर बॅग ऑन मंडे, यू विल गेट इट ऑन मंडे! अँड नोबडी," इथं ती क्षणभर थांबली, "नोबडी विल लाफ ॲट यू!"

बोळातल्या माणसांना निम्मं कळलं असेल, पण खुर्च्या कळल्या. एका म्हातारीनं टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. तिन्ही साहेब दारात येऊन उभे होते. दाराच्या मागे माझं नाक चेपलेलं होतं आणि मी रडत होतो, तेवढं मात्र नाकामुळे नव्हे.

तिला जागा मिळाली. जिना तिनं शब्दाप्रमाणे धुऊन दिला. डॉक्टरांनी 'शाइन' पुसू दिलं नाही.

जागा मिळाल्याचा एक परिणाम आम्ही कुणी विचारात घेतला नव्हता. तक्रार विभाग तिच्याच हाताखाली येतो. म्हणजे मी. पहिले काही दिवस मी फार रुबाबात वावरलो. गुरूला शिष्य काय बोलणार? मग पांढऱ्या भुवयांचे साहेब अचानक पाहणीला आले आणि मला केबिनमध्ये बोलावणं आलं. मी शर्ट नीट खोचून गेलो, कारण मार्गदर्शक म्हणून माझी ओळख करून द्यायची असणार, अशी माझी कल्पना होती.

ही खुर्चीत बसली होती. समोर एक तक्रारीची फाइल उघडी. साहेब बाजूला. मराठीत बोलायची सोय नव्हती.

"यू रिसीव्ह्ड धिस कम्प्लेंट लास्ट विंटर," ती म्हणाली. "यू हॅव बीन सिटिंग ऑन इट सिन्स देन. द पॅसेंजर हॅड वेटेड थ्री मंथ्स बिफोर ही केम टु मी. ही इज वेटिंग आउटसाइड. यू विल गो आउट, यू विल से सॉरी, अँड बाय लंचटाइम यू विल हॅव फिनिश्ड इट."

मी पाठीमागे हात धरून बोटं मोजत होतो. एक, दोन, तीन. कपाटातला पूर्ण भूतकाळ आला. भविष्यकाळ आला. पूर्ण भविष्यकाळ आला. आणि बाई जागची हलली नव्हती. खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. कोपरं टेबलावर टेकवून, खुर्चीतच बसून, एकेक काळ ती हवा तिथून उचलत होती आणि माझ्या डोक्यात घालत होती.

"व्हाय इज ही स्मायलिंग?" साहेबांनी विचारलं.

"ही इज लाइक दॅट, सर," बायको म्हणाली आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

बाहेर आलो तर शिपाई दारातच उभा. "मॅडम फार रागावल्या का हो?"

"अरे, काय रागावल्या म्हणून सांगू!" मी म्हणालो. तसाच डोळे पुसत नव्या खुर्च्यांकडे गेलो आणि तक्रारदाराचे दोन्ही हात हातात घेऊन त्याला सॉरी म्हणालो. तो बिचारा गोंधळून माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. इतक्या आनंदानं त्याची माफी आजवर कुणी मागितली नसावी.